मास्क वर केलेला कॅचर

दत्तू,

तुझी बातमी मीच दिली. शिरूरहून फोनवर सांगितली, पुण्याच्या डेस्कने ती आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात लावली. तुझे वय, शाळा, मागे कोण कोण आहे, अंत्यविधी कुठे झाला, सगळे त्यात आले. पाठवलेल्या फोटोत तुझ्या डोक्यावर टोपी होती म्हणून डेस्कने दुसरा मागितला. वहिनींनी घरभर शोधले. टोपीशिवायचा एकही फोटो निघाला नाही. शेवटी बातमी फोटोशिवाय गेली.

बातमीत बातमीदार नसतो. म्हणून हे वेगळे लिहितो आहे. जे तिकडे छापून आले ते इथे पुन्हा देत नाही.

इथे विषय एकच आहे. तुझ्याकडचे एक कार्ड मला हवे होते. शाळेपासून हवे होते. तू गेलास, तरी ते माझ्याकडे आलेले नाही. ज्या व्यक्तीकडे गेले आहे तिचा मला हेवा वाटतो. त्याआधी तुझा वाटत होता. हे मी तुला कधी बोलून दाखवले नाही. तुला ते ठाऊक असावे असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर मी सहसा लिहीत नाही.

दौंडला आपण दोघेही आपापल्या मामाच्या घरी राहून शिकलो. तू कवठे येमाईचा, मी तळेगाव ढमढेऱ्याचा. नव्वदीची सुरुवातीची वर्षे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी बेसबॉल निवडला, त्यामागचा हिशेब सरळ होता. क्रिकेट आणि कबड्डीत शाळांची गर्दी. बेसबॉल खेळणाऱ्या शाळा थोड्या. चार सामने जिंकले तर राज्य पातळी, आणि राज्याचे प्रमाणपत्र असले की सरकारी भरतीत खेळाडूंच्या कोट्यात नाव. खेळ काय आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हते. माझी मामी अखेरपर्यंत त्याला ‘दांडूचं क्रिकेट’ म्हणत होती.

रेल्वेच्या मैदानावर पाटसच्या कारखान्याची रिकामी साखरेची पोती आणून आपण त्यांत माती भरली आणि चार कोपऱ्यांवर टाकली. झाले मैदान. सरांनी सगळ्यांना तीन-तीन चेंडू फेकायला लावले. तुझा चेंडू भिंतीवर जिथे खडूची खूण होती तिथेच लागला. तीनदा लागला. लोक म्हणायचे, धनगराचा हात आहे, मेंढरू वळवायला ढेकूळ मारून मारून तयार झालेला. तुझ्या घरची मेंढरे तुझ्या आजोबांच्या काळातच गेली होती आणि तू आयुष्यात एकही मेंढरू वळवले नव्हतेस. मी हे त्यांना सांगायचो. कुणी ऐकायचे नाही. गोष्ट त्यांना आवडली होती.

तू पिचर झालास. माझा फेकीचा हात बेताचा, पण चेंडू सुटत नसे, म्हणून मी कॅचर. पिचर मैदानाच्या मधोमध उभा राहून चेंडू फेकतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात. कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो, तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क लावतो आणि आलेला चेंडू धरतो. त्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. पिचरने कुठला चेंडू टाकायचा हे मात्र कॅचर सांगतो, मांड्यांच्या मध्ये बोटांनी खूण करून. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा.

मी एक बोट दाखवले की तू नाही म्हणून मान हलवायचास. दोन दाखवली तरी हलवायचास.

“ऐकायचंच न्हाई तर मी खुणा कशाला करतो रं?” मी एकदा चिडून विचारले.

“करत जा की,” तू म्हणालास. “माझी मान तेवढीच मोकळी व्हती.”

सगळी टीम हसली. मीही हसलो असे त्या वेळी दिसले असेल.

कार्डे आली ती रॉबी अंकलकडून. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर, मैदानाच्या पलीकडे राहणारे अँग्लो-इंडियन गृहस्थ. त्यांची मुलगी अमेरिकेत होती. तिचा मुलगा तिकडे बेसबॉलची कार्डे जमवायचा. खेळायच्या पत्त्याएवढा, जाड कागद, पुढे खेळाडूचा रंगीत फोटो, मागे त्याचे आकडे. त्याच्याकडची जादा कार्डे आजोबांच्या पार्सलात स्वेटरच्या घड्यांत ठेवून यायची. अंकलना बेसबॉलमध्ये रस नव्हता, पण आपल्याला सरावाला बघून ते हाक मारायचे. कार्डे टेबलावर पालथी मांडायचे आणि म्हणायचे, “देखना मना है. उठाओ.”

एक तू उचलायचास, एक मी. नावे नीट वाचता यायची नाहीत, म्हणून आपण आपली नावे ठेवली. बॅट काठीसारखी टेकवून उभा असलेला तो ‘पाटील’. कमरेवर हात ठेवून रागाने बघणारा ‘सासरा’. अंकलच्या वेल्डर मित्राने वर्कशॉपमध्ये माझ्यासाठी मास्क बनवून दिला, तोही त्यांच्यामुळेच. इतका जड होता की सामना संपला तरी मान वाकलेली राहायची.

एका पार्सलात फक्त दोन कार्डे आली. मी माझे उलटे केले. पिचर. डावा पाय छातीपर्यंत उचललेला, हात मागे. तू तुझे उलटे केलेस. कॅचर. त्याने मास्क कपाळावर सरकवला होता, केस घामाने चिकटलेले, आणि तो मोकळा हसत होता. कशाकडे बघून, ते कार्डाच्या बाहेर राहिले होते. तोवर आलेल्या इतक्या कार्डांत चेहरा दिसणारा कॅचर हा एकच.

पुढे काय व्हावे यात मला शंका वाटली नाही. पिचरकडे कॅचर गेला, कॅचरकडे पिचर आला. दोघांनी हात पुढे करायचे आणि चूक दुरुस्त करायची. मी माझे कार्ड पुढे केले.

तू तुझे बघत राहिलास. मग शर्टाच्या खिशात ठेवलेस. “पुढल्या मॅचनंतर बघू,” म्हणालास.

पुढली मॅच आपण जिंकलो. पेपरात ओळ आली, दौंडच्या पिचरची भेदक फेक. ते भेदक चेंडू कुणीतरी धरले होते, पण त्याबद्दल ओळ नव्हती. पुढे याच व्यवसायात आलो तेव्हा कळले की जागा कमी असली की पहिला कॅचरच कापला जातो. मीही कापला आहे. तेव्हा मात्र ती ओळ वाचून तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, मॅच झाली, आण कार्ड.

“ही न्हाई रं. पुढली.”

त्यानंतर तू ते कार्ड लॅमिनेट केलेस. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, रांगेत उभा राहून. तुझ्या पुढे रेशन कार्ड होते, मागे कुणाचा जातीचा दाखला. आपल्याकडे जे जपायचे ते प्लास्टिकमध्ये घालतात. गुणपत्रिका, देवाचा फोटो, मयताचाही फोटो. मशीन जास्त तापले होते. कॅचरच्या कानावर एक बुडबुडा राहिला, तो शेवटपर्यंत गेला नाही. दुकानदाराने विचारले, “हा कोण तुमचा?” तू म्हणालास, “घरातलाच हाय.” दुकानदाराने पुन्हा कार्डाकडे आणि मग तुझ्याकडे बघितले.

मी माझे कार्ड साध्या पिशवीत घालून मोठ्या नकाशांच्या पुस्तकात ठेवले. आजही त्याचे कोपरे धारदार आहेत.

राज्याच्या स्पर्धेत आपण उपांत्य सामन्यापर्यंत गेलो. तो सामना ज्या चेंडूवर हरलो, त्याच्यावर आपण तू जाईपर्यंत भांडलो. समोरच्यांचा एक गडी तिसऱ्या पोत्यावर, तो घरी, म्हणजे माझ्यासमोरच्या चौथ्या पोत्यावर, पोचला की सामना संपणार. मी एक बोट दाखवले, सरळ. तू मान हलवून वळणारा टाकलास. चेंडू माझ्या ग्लोव्हजखालून मागे गेला आणि गडी घरी आला. नियम स्पष्ट आहे. चेंडू जमिनीला लागून आला असेल तर चूक पिचरची. थेट हातात येऊन सुटला असेल तर कॅचरची. मी म्हणत होतो लागला, तू म्हणत होतास न्हाई लागला. धूळ उडाली होती. तू म्हणायचास, ती गड्याच्या पायाची. भांडण होते म्हणून मी महिन्यातून एकदा तरी शिरूरहून दौंडला यायचो. जीपने, नाहीतर मिळेल त्या एसटीने. उतरलो की तुझे पहिले वाक्य ठरलेले.

“आला का चेंडू सोडनारा!”

“जमिनीला लागला होता.”

“च्या घे आदी.”

वहिनी चहा आणायच्या आणि म्हणायच्या, “भाऊजी, यांचं लगीन माझ्यासंगं झालं का त्या चेंडूसंगं?”

तू क्रीडाशिक्षक झालास, मी बातमीदार. मला वाटले होते की आता तरी पारडे माझ्या बाजूला झुकेल. परदेशी निकाल डेस्ककडून माझ्या टेबलावर यायचे. अमेरिकेतल्या अंतिम मालिकेचा निकाल शिरूर-दौंडकडे सर्वांत आधी मला कळायचा. मी तो कागद घडी करून तुझ्यासाठी आणायचो. तू वाचायचास आणि स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाडीवर त्याची गोष्ट करायचास. कागदावर धावांचा आकडा असायचा; तुझ्या गोष्टीत पाऊस यायचा, पिचरची आई गर्दीत बसलेली असायची, शेवटचा चेंडू टाकताना त्याचा बुटाचा बंद सुटायचा. सगळे खोटे. मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचो. चहावाला मला म्हणायचा, “साहेब, थांबा जरा, सरांना बोलू द्या.” माहिती माझी, आणि माणसे तुझ्याभोवती.

पुढे केबलवर पहाटे सामने दिसू लागले. तुझ्या घरी तू शाळेत तयार केलेली पोरींची टीम, शेजारचे दोन आजोबा आणि दूधवाला असे सगळे बसायचे. मी माझ्या घरी एकटा बसून आकडे लिहून घ्यायचो. पुण्याच्या फुटपाथवर निर्यातीतून परत आलेल्या टोप्यांचा ढीग लागायचा, त्यातून तू अमेरिकन संघांच्या टोप्या आणायचास. कुठल्या अक्षराचा संघ कुठला, हे तुला कधी नीट सांगता आले नाही. माझ्याकडे एकच टोपी होती, तपासून घेतलेली. ती घालून बाहेर पडायचे धैर्य मला झाले नाही. तू निळी, लाल, हिरवी, कुठलीही घालून वर्गात जायचास. मुख्याध्यापक रागवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवासाठी तुझ्याकडे टोपी मागायचे.

मग रॉबी अंकलचा नातू त्यांना अमेरिकेला न्यायला आला. मोठा झाला होता, नोकरी करत होता. ज्याने ती कार्डे पाठवली तोच. तू त्याला घरी बोलावलेस, बिस्किटांचा डबा उघडलास, सगळ्यांत वर कॅचर. त्याने ते उजेडात धरले, बुडबुडा बघितला आणि कपाळाला हात लावला. इंग्रजीत जे बोलला ते तुला मीच सांगितले: हे कार्ड त्या खेळाडूच्या पहिल्या वर्षाचे आहे, तिकडे जमवणारे ते शोधत असतात, पण असे प्लास्टिकमध्ये चिकटवले की संपले, त्याला कुणी विचारत नाही. मग मी माझा पिचर दाखवला. तो म्हणाला, हे मात्र उत्तम राखले आहे. तेही मी तुला सांगितले. जसेच्या तसे.

तू त्याच्या हातातून कार्ड परत घेतलेस. मला वाटले, आता तू म्हणशील, घे बाबा तुला. बाद झालेले कार्डही मी घेतले असते.

“बरं झालं,” तू म्हणालास. “आता मागायला कोन येनार न्हाई.” आणि माझ्याकडे बघून डब्याचे झाकण लावलेस.

दशक्रियेनंतर वहिनींनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. “तुम्हाला द्यायचा म्हनून सांगून ठेवलं व्हतं त्यांनी.” मी तिथेच उघडला, चारचौघांत. उघडायला नको होता. ‘पाटील’ होता, ‘सासरा’ होता, पेपरातली ती ओळ होती, माझ्या मास्कचा तुटलेला पट्टा होता, तो मला टाकून दिल्याचे आठवत होते. कॅचर नव्हता. मी सगळी कार्डे पुन्हा काढून पाहिली.

वहिनी म्हणाल्या, “तो नका शोधू. तो सुनीताला दिला त्यांनी दिवाळीत.”

सुनीता म्हणजे पाटसची, तुझ्या टीमची जुनी कॅचर. कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागलेली. तिच्या भरतीची बातमी मीच केली होती. त्यातही तुझेच नाव आधी आले होते.

“मला का नाही दिला?” मी विचारले. दु:खाच्या घरात विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

“मीबी म्हनलं, भाऊजी किती वर्सं मागत्यात. तर म्हनले, त्याच्याकडं त्याचा हाय की.”

वहिनी, माझ्याकडे माझा नव्हताच. तीच तर तक्रार होती. पण त्या आत निघून गेल्या होत्या.

सुट्टीच्या दिवशी सुनीता तुझ्या टीमचा सराव घेते असे कळले. मी नकाशांचे पुस्तक उघडले, पिचर काढला आणि दौंडला गेलो. मैदान तेच. पोती नवी आहेत. मुली सॉफ्टबॉल खेळतात. खेळ जवळजवळ तोच, चेंडू मोठा आणि फेक खालून. सुनीता स्वतः कॅचरच्या जागी बसली होती. तिने एक बोट दाखवले. समोरच्या मुलीने मान हलवली. पाहून थोडे बरे वाटले, हे नोंदवतो.

ती मास्क वर करून माझ्याकडे आली. “पत्रकार काका ना तुम्ही? कॅचर?”

“होतो.”

“सर म्हनायचे, होतो-बितो काय नसतं. एकदा बसला की बसला.”

कार्ड तिच्या मास्कच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधलेले होते. प्लास्टिकच्या कोपऱ्यात भोक पाडलेले. बुडबुडा जागच्या जागी, त्यावर चिखलाचा शिंतोडा.

“भोक पाडलंस?”

“मग बांदू कसं? सरच म्हनले पाड, बादच हाय ते. प्लास्टिक हाय म्हनून टिकलंय बगा, घामानं कवाच गळलं असतं.”

मी माझे कार्ड दाखवले. धारदार कोपरे, स्वच्छ पाठ. तिला म्हणालो, हे घे, याला तिकडे खरी किंमत आहे. ते मला दे.

“न्हाई,” ती म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. “सरांनी सांगितलंय. काका येतील, चांगलंचुंगलं दाखवतील, भुलायचं न्हाई.”

दत्तू, मी बातमीदार आहे. नकार ऐकायची सवय आहे. हा ऐकताना मला तुझा आवाज आला, आणि तुझ्यावर इतका राग आला की तू असतास तर त्या दिवशी चहा न घेता परत गेलो असतो.

ती मात्र बोलत होती. “तो राज्याचा चेंडू आम्हाला दर वर्साला सांगायचे सर. पैल्या दिवशी टीम बसवून. म्हनायचे, कॅचरनं सरळची खून केलती, मी ऐकलं न्हाई. चेंडू मातीत गेला, मला तितनंच दिसलं व्हतं. माझ्यापायी हरलो. म्हनून पोरींनो, कॅचरचं ऐका.”

“दर वर्षी?”

“व्हय. आम्हाला तोंडपाठ हाय.”

“मला तर कधी म्हणाला नाही.”

सुनीता हसली. “तुम्हाला कसं म्हनतील काका? मग तुम्ही भांडायला आला असता का?”

मैदानाच्या कडेने मालगाडी जात होती, ती पूर्ण जाईपर्यंत मी तिचे डबे मोजले. इतक्या मुलींना जे ठाऊक होते ते फक्त मला ठाऊक नव्हते. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. आणि तुझे आभार मानावेसे वाटले. दोन्ही एकाच वेळी, आणि अजूनही तसेच आहे. पहिले थोडे जास्त.

मी हातातल्या कार्डाकडे बघितले. खरे सांगायचे तर इतक्या वर्षांत मी ते नीट पाहिलेच नव्हते. बदलून घ्यायची वस्तू म्हणून जपले होते. डावा पाय छातीपर्यंत. हात मागे. नजर समोर, कार्डाच्या बाहेर, जिथे कुणीतरी उकिडवे बसलेले असणार. आणि मान किंचित एका बाजूला, आत्ताच हलवल्यासारखी.

“काका,” सुनीता म्हणाली. “आमच्या पिचरला द्या की ते. माज्याकडं कॅचर, तिच्याकडं पिचर. जोडी व्हईल.” तिने हात पुढे केला. मागे ती मान हलवणारी मुलगी चेंडू खाली टाकून आमच्याकडे बघत होती.

मागणी रास्त होती. मी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवले.

“पुढल्या मॅचनंतर बघू,” मी म्हणालो.